छेदाची रेघ

आमच्या भागात माणूस गेला की दहाव्याला नदीच्या घाटावर भाषणं होतात. पिंडाला कावळा शिवायच्या आधी माइकला आजी-माजी पदाधिकारी शिवून जातात. मेलेल्या माणसाची ओळख असलीच पाहिजे अशी अट नसते. डुंबरे सरांच्या दहाव्यालाही ही मंडळी आली होती. त्यातल्या एकानं, जो आयुष्यात सरांच्या वर्गात बसलेला नव्हता, आवाज चढवून सांगितलं, "सर प्रामाणिक होते. नव्याण्णव पॉइंट नऊ टक्के नाही, शंभर टक्के!"

माझ्या शेजारी वाव्हळ मॅडम उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मागच्या बाईंनी "उगी, उगी" म्हणून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाईंना कसं सांगणार की मॅडम हसत होत्या? मीही खाली मान घालून तेच करत होतो. कारण ते 'पॉइंट नऊ' सरांच्या कानावर गेलं असतं, तर सर तिथल्या तिथं उठून बसले असते आणि त्या पदाधिकाऱ्याचा अर्धा मार्क कापून मगच पुन्हा आडवे झाले असते.

प्राध्यापक सखाराम डुंबरे आमच्या कॉलेजात गणिताचे विभागप्रमुख होते. विभागात पुष्कळ वर्षं ते एकटेच होते, त्यामुळे प्रमुख होणं त्यांना जड गेलं नाही. मी तिथं कॉम्प्युटर शिकवायचो आणि लॅबच्या किल्ल्या माझ्याकडे असायच्या. मी आंबेगाव तालुक्यातला, म्हणून ते मला शेवटपर्यंत 'पावणं' म्हणत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुमच्या डिंभ्याच्या धरणाचं पाणी आमी येडगावात आणून वापरतो पावणं, तसंच तुमचं डोकंबी वापरू. न्हाई पुरलं तर परत पाठवू."

सरांचा जगात एकच शत्रू होता, तो म्हणजे दशांश चिन्ह. त्यांचे वडील बेल्ह्याच्या बैलबाजारात दलाली करायचे. शाळेचं तोंड न पाहिलेला तो माणूस पावकी, निमकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे घडाघडा म्हणायचा, आणि रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबत तोंडानं भलतंच बोलत सौदा ठरवायचा. त्या माणसाच्या पोटी आलेल्या सरांना पाव, पाऊण, सव्वा, दीड ह्याच खऱ्या संख्या वाटायच्या. बाकी सगळं साहेबानं जाता जाता टाकून दिलेलं सामान. "दशांश म्हणजे अर्धवट सोडलेला भागाकार," असं ते वर्गात बजावत. "एकाला तिनानं भाग बरं. शून्य टिंब तीन, तीन, तीन, तीन. कुठवर जाशील? आळेफाट्याला पोचशील तरी तीनच. त्यापेक्षा सरळ एक-तृतीयांश म्हण आणि घरी जा."

बोलायला हे बरं आहे. पण हा माणूस जगायलाही तसाच होता. कँटीनमध्ये चहा सांगायचा तो पाऊण कप, आणि आलेला कप डोळ्यासमोर धरून पारखायचा. एकदा सरांना ताप आला. डॉक्टरांनी थर्मामीटर पाहून "एकशे एक पॉइंट चार" म्हटलं, तर तापलेल्या सरांनी डोळे न उघडता दुरुस्ती केली, "एकशे एक पूर्णांक दोन पंचमांश." डॉक्टरांना वाटलं ताप मेंदूत गेला. त्यांनी लगेच पुण्याला हलवा म्हणून सांगितलं, आणि गाडी ठरवेपर्यंत घरात रडारड झाली.

उत्तरपत्रिकेत टिंब दिसलं की सर अर्धा मार्क कापत. या अर्ध्या मार्कानं कुणाकुणाचं काय काय झालं याची मोजदाद सरांनी कधी ठेवली नाही. त्यांच्या मते मार्क हे तत्त्वासाठी असतात, पोरांसाठी नसतात.

वाव्हळ मॅडम या त्यांच्याच विद्यार्थिनी, डिंगोऱ्याच्या. वडील पोस्टमन, घरात पदवीपर्यंत पोचलेली ही पहिली मुलगी. शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला त्यांनी एका उदाहरणाचं उत्तर ०.५ असं लिहिलं. सरांनी अर्धा मार्क कापला. मुलगी धीट, जाऊन म्हणाली, "सर, हा भागाकार तर पुरता जातोय. अर्धा काय आणि शून्य टिंब पाच काय, एकच."

"आज पुरता जातोय म्हणून सोडलं, तर उद्या न जाणाराबी आणशील."

त्या अर्ध्या मार्कानं तिचा फर्स्ट क्लास हुकला. पोस्टमन वडिलांनी आळीत वाटायला पेढे सांगून ठेवले होते, ते त्यांनी तसेच हलवायाकडे राहू दिले. मुलीनं पुढं पडेल ते काम करत एम.एस्सी. केलं, आणि कायमच्या नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत 'सेकंड क्लास का?' हा प्रश्न ऐकून शेवटी आमच्याच कॉलेजात तासिकेवर शिकवायला आली. सर खूश झाले. "आपलीच पोर हाय," म्हणाले आणि स्वतःचे सकाळचे सगळे तास तिच्या अंगावर टाकले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. सरांना पीएच.डी. व्हायचं होतं. नाव नोंदवलं त्याच आठवड्यात त्यांनी घराच्या फाटकासाठी पाटी रंगवून घेतली होती, 'डॉ. सखाराम डुंबरे'. मग पत्नीनं लाज काढली म्हणून 'डॉ.'वर खाकी चिकटपट्टी लावली. ती पट्टी दर दिवाळीला बदलली जायची. अशा बऱ्याच दिवाळ्या गेल्या. शेजारची पोरं आपसात त्यांना 'पट्टी सर' म्हणायची. अखेर विद्यापीठानं कळवलं की ही शेवटची मुदतवाढ, यापुढं नोंदणी रद्द. सरांची निवृत्तीही जवळ आली होती. पट्टीखालचं 'डॉ.' उजेडात येतं की तसंच पाटीबरोबर गंजतं, एवढाच प्रश्न उरला होता. सरांचं जेवणही त्या काळात कमी झालं होतं, हे मला त्यांच्या डब्यावरून कळायचं.

विषय त्यांनी चांगला घेतला होता, हे त्यांच्या दुश्मनांनीही मान्य केलं असतं. येडगावच्या धरणातून कालव्याला पाणी सुटलं की वाटेत किती झिरपतं, किती उडतं, आणि शेवटच्या गावाला किती पोचतं, याचं रोजच्या रोजचं गणित. सरांचं स्वतःचं रान कालव्यातून निघणाऱ्या एका चारीच्या अगदी शेपटाला होतं, त्यामुळे प्रश्न जिव्हाळ्याचा होता. आकडे गोळा करायला ते मला स्कूटरवर मागं बसवून येडगावला घेऊन गेले. तिथं कालव्याची राखण करणारे पाटकरी होते, त्यांना सगळे नाना म्हणत. नाना बाभळीखाली तंबाखू मळत बसले होते.

"नाना, हितून पुढच्या पुलापोतर किती पाणी झिरपतं?"

"असंल की तिसरा हिस्सा," नाना म्हणाले. "कवा कमी, कवा जास्त."

"कमी-जास्त न्हाई चालत. नक्की सांगा."

नानांनी कालव्याकडे बघितलं, मग सरांकडे बघितलं. या माणसाला काहीतरी दिल्याशिवाय तो जाणार नाही हे त्यांनी ओळखलं. "तिसराच हिस्सा लिवा मग," म्हणाले आणि तंबाखू तोंडात टाकली.

सरांनी एक-तृतीयांश लिहिलं. त्या दिवशी नानांनी दर पुलागणिक असेच हिस्से वाटले, कुठं पाव, कुठं दोन-सप्तमांश. दोन-सप्तमांश नानांना कसं सुचलं हे मला आजही कळलेलं नाही. बहुतेक सरांनीच तोंडात घातलं असावं.

त्या सुमारास कॉलेजात गणिताचं एक सॉफ्टवेअर आलं होतं. समीकरणं, सूत्रं, भलीमोठी कोष्टकं, सगळं ते कागदावर सोडवल्यासारखं सोडवायचं. लॅबमध्ये आम्ही त्याला 'गणित्या' म्हणायचो. गणित्याचा एक गुण सरांना फार भावला. त्याला अपूर्णांक दिला तर तो उत्तरही अपूर्णांकातच द्यायचा, अगदी अचूक, काही न टाकता. दशांश दिला तर मात्र आठ-दहा स्थळांपर्यंत ठेवून पुढचं सोडून द्यायचा. सर गहिवरले. "आयुष्यात पैल्यांदा विंग्रजी यंत्राला अक्कल आल्याली पाहिली," म्हणाले. त्यांनी नानांचे सगळे हिस्से जसेच्या तसे भरले आणि पाणी सुटतं त्या चाळीस दिवसांच्या आवर्तनाचं गणित लावलं.

विसाव्या दिवसाच्या हिशेबाला पोचल्यावर पडदा गोठला. मग पाटी आली, मेमरी संपली.

पुढचे काही महिने आमच्या लॅबमध्ये जे झालं त्याला संशोधन म्हणायची पद्धत आहे. सरांना पहिला संशय शिपायाचा आला. तो ओल्या फडक्यानं फरशी पुसतो, ती ओल मशीनमध्ये चढते. फरशी पुसणं बंद झालं, लॅबमध्ये बोट-बोट धूळ साठली, गणित्या विसाव्या दिवशीच बसला. दुसरा संशय हिशेबनिसावर. तो त्याच मशीनवर पगारपत्रकं करायचा. "माझ्या मेमरीत कुणी कायबी ठेवायचं न्हाई," असा सरांनी हुकूम काढला. कागदाचा बोर्ड करून दारावर लावला. त्या महिन्यात सगळ्यांचे पगार उशिरा झाले आणि गणित्या विसाव्या दिवशीच बसला. मग व्हायरस, मग लोडशेडिंग, मग खोलीची दिशा. गणिताच्या माणसानं टेबल उत्तरेकडून पूर्वेकडे फिरवून घेतलं तेव्हा मी फक्त वायर ओढून धरली होती. बोललो असतो तर मलाच पूर्वेकडे तोंड करून बसवलं असतं.

शेवटी नारायणगावच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्यानं डॉक्टरासारखं मशीन उघडून, आत फुंकर मारून निदान केलं, "मेमरी कमी आहे सर. डबल करा." सरांनी पदरमोड करून मेमरी दुप्पट केली. सगळे मशीनभोवती उभे राहिलो. विसावा दिवस गेला, एकविसावा आला, आणि एकविसाव्याला मशीन बसलं.

"बघा!" सर टेबलावर हात मारून म्हणाले. "प्रगती हाय का न्हाई?"

पुन्हा दुप्पट केली. बाविसाव्याला बसलं. कॉम्प्युटरवाला सरांना बघून दुरूनच नमस्कार करायला लागला.

या सगळ्या काळात एकदाही कुणी विचारलं नाही की बाबा, मेमरीत आहे तरी काय? आम्ही बरणीची तोंडं मोजत बसलो, आत काय भरलंय ते कुणी पाहिलं नाही. हा प्रश्न वाव्हळ मॅडमनी विचारला. सकाळचे तास आटपून त्या लॅबमध्ये आल्या होत्या. म्हणाल्या, "सर, पंधराव्या दिवसापर्यंत तर जातंय ना? मग त्या दिवसाचं एकाच गावाचं उत्तर छापून बघू या. एकच आकडा."

"छाप," सर म्हणाले. "लोकांना कळू दे अचूक म्हंजे काय."

आमचा प्रिंटर जुना, ठोके देत छापणारा, घड्यांचा अखंड कागद गिळणारा. तो सुरू झाला आणि थांबेचना. कागद टेबलावरून जमिनीवर आला, जमिनीवरून दारात, दारातून व्हरांड्यात. शिपायानं पुढचं टोक हातात धरलं आणि लग्नात अंतरपाट धरावा तसा तो मागं मागं सरकत गेला. मागून अंक येतच होते. तास सुटले होते, पोरांनी दुतर्फा गर्दी केली. प्राचार्य बाहेर आले.

"डुंबरे सर, हे काय आहे?"

"एक आकडा हाय," सर अभिमानानं म्हणाले.

"किती?"

"हाच. हा सबंध."

"नाही, पण म्हणजे किती? एकापेक्षा जास्त का कमी?"

सर कागदाकडे वळले. तो अपूर्णांक होता, म्हणजे वर अंश, मध्ये रेघ, खाली छेद. पण वरचं कुठं संपतं आणि खालचं कुठं सुरू होतं हे त्या कागदाच्या नदीत दिसायला मार्ग नव्हता. सर वाकून कागदाच्या कडेकडेनं चालायला लागले. चष्मा नाकावर, हात मागं, ओठ हलताहेत. भौतिकशास्त्र गेलं, जीवशास्त्र गेलं. रसायनशास्त्राच्या दारात त्यांना छेदाची रेघ सापडली. "ही बघा!" ते ओरडले, आणि लहान पोराला हरवलेली गोटी सापडावी तसे तिच्यापाशी उकिडवे बसले. आडवी साधी रेघ. तिच्या अलीकडे व्हरांडाभर आकडे, पलीकडे पुन्हा तेवढेच.

मॅडम वर आणि खाली जाऊन नुसते सुरुवातीचे अंक पाहून आल्या, मग घड्या मोजल्या. "दोन्हीकडे अंक सारखेच दिसतात सर," त्या प्राचार्यांना म्हणाल्या. "वर दोननं सुरुवात आहे, खाली नऊनं. म्हणजे साधारण पाव हिश्शाला थोडं कमी."

"एवढंच?" प्राचार्य म्हणाले आणि आत गेले. 'साधारण' हा शब्द ऐकून सरांनी डोळे मिटले होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी फळ्यावर तीन-चतुर्थांश लिहिलं. सरांचं समीकरण असं होतं की बाकीच्या बेरजा-वजाबाक्यांबरोबर कालचा आकडा आज स्वतःशीच गुणला जायचा. "तीन-चतुर्थांशाचा वर्ग नऊ छेद सोळा," त्यांनी लिहिलं. "त्याचा वर्ग एक्क्याऐंशी छेद दोनशे छपन्न. त्याचा सहा हजार पाचशे एकसष्ट छेद पासष्ट हजार पाचशे छत्तीस. सर, आकडा रोज दुप्पट लांब होतोय. म्हणून मेमरी दुप्पट केली की एकच दिवस पुढं जातो. चाळीस दिवसांना सबंध पुणे जिल्ह्यातल्या मशीनची मेमरी ओतली तरी पुरायची नाही."

सर फळ्याकडे बघत राहिले. गणित त्यांना कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. ते तिसऱ्या ओळीलाच कळलं होतं, मी त्यांचा चेहरा पाहत होतो. एवढे महिने दिसायला हवं होतं ते दिसलं नाही, कारण अपूर्णांक कधी दगा देईल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"उपाय?"

"पहिल्या आकड्यांत एकेक टिंब द्या. एक-तृतीयांशाऐवजी शून्य टिंब तीन तीन तीन तीन. गणित्या पुढचं सगळं दशांशात करेल. पाच मिनिटांचं काम आहे."

सर खुर्चीतून उठले.

"टिंब द्यायला तीस वर्षं शिकवलं का मी? पुढचे सगळे तीन कुणी टाकून द्यायचे? तुझ्या बापानं?"

मॅडमचा आवाज हलला नाही. "सर, तो तिसरा हिस्सा तरी कुठं खरा आहे? नानांनी अंदाजानं सांगितला. तुम्हीच सांगितलंत, कवा कमी कवा जास्त. त्या अंदाजाचे आपण व्हरांडाभर अंक काढतोय."

यावर सर जे बोलले ते मी अजून विसरलो नाही. ते म्हणाले, "नानांनी अंदाजानं सांगितला आसंल. मी अंदाजानं घेतला न्हाई."

सुंभ जळतो पण पीळ जात नाही, हे ऐकून होतो. इथं सुंभ अजून जळलाही नव्हता. मॅडम खडू ठेवून निघून गेल्या. मला तेव्हा सरांचा मनापासून राग आला. या बाईचा एक अर्धा मार्क खाऊन याचं पोट भरलं नव्हतं.

मुदत सरत आली. सर रोज येत, मशीनसमोर बसत, बाविसाव्या दिवशी तोंडावर आपटत आणि घरी जात. मग एके दिवशी दुपारी त्यांनी जाहीर केलं की लॅबमध्ये झुरळं झालीत, औषध मारायचंय, सगळ्यांनी बाहेर व्हा. आमच्या लॅबमध्ये धूळ होती, झुरळ मात्र एकही नव्हतं. सर आत एकटे राहिले आणि त्यांनी आतून कडी लावली. दाराला वर काच आहे हे ते विसरले असावेत. मला त्यांची पाठ दिसत होती. उजव्या हाताचं बोट कीबोर्डवर थांबलेलं. ते बोट खाली गेलं, वर आलं, पुन्हा थांबलं. मग त्यांनी डाव्या हातानं चष्मा काढून खिशात ठेवला. पाहायला नको म्हणून काढला असावा. आणि बोट खाली गेलं.

कँटीनचा चहा यायच्या आत ते बाहेर आले. "पाऊण का सर?" कँटीनवाल्यानं विचारलं.

"पूर्ण दे. सगळ्यांना पूर्ण दे."

औषधाचा वास कुठं येत नव्हता.

प्रबंध वेळेत गेला. त्यात एकही टिंब नव्हतं. सरांनी काय केलं असेल? गणित्यानं दिलेलं प्रत्येक दशांश उत्तर हातानं पुन्हा अपूर्णांकात घातलं होतं. ०.२१७८ आलं की लिहायचं, दोन हजार एकशे अठ्ठ्याहत्तर छेद दहा हजार. सबंध प्रबंधभर प्रत्येक उत्तराखाली छेद दहा हजार. चोरानं चोरीच्या बैलाची शिंगं रंगवून तो त्याच बाजारात विकायला आणावा, अशातली गत.

तोंडी परीक्षेला पुण्याला आम्ही सगळे जीप करून गेलो. बाहेरून आलेले परीक्षक नागपूरकडचे, अत्यंत सज्जन. त्यांनी पानं उलटता उलटता विचारलं, "डुंबरे साहेब, तुमच्या सगळ्या उत्तरांचा छेद दहा हजारच कसा काय?"

मागच्या ओळीत वाव्हळ मॅडम बसल्या होत्या. त्यांनी नुसतं तोंड उघडलं असतं तरी पाटीवरची चिकटपट्टी कायम राहिली असती. सरांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"आमच्याकडं पाणी दहा हजारांतच वाटतात सर," सर म्हणाले. "जुनी पद्धत आहे ती."

"अस्सं? फार महत्त्वाचं आहे हे," परीक्षक म्हणाले आणि त्यांनी ते आदरानं टिपून घेतलं. आमच्या भागात पाणी भांडून वाटतात, ही खरी जुनी पद्धत. पण ती त्यांना सांगायला कोण जाणार?

सर डॉक्टर झाले. फाटकावरची पट्टी ओढली तर तिच्याबरोबर रंगही निघून आला आणि पेंटरला पुन्हा बोलवावं लागलं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात प्राचार्य होते, पत्नी होती, नाना होते, मेमरी विकणारा होता, कागद धरून धावलेला शिपाईसुद्धा होता. वाव्हळ मॅडम नव्हत्या. त्यांनी ते पान वाचून प्रबंध मिटला. "बरोबर आहे," म्हणाल्या. "अपूर्णांकात माझं योगदान काय?" आणि तासाला गेल्या. निवृत्त होईपर्यंत सर टिंबाला अर्धा मार्क कापत राहिले.

ते निवृत्त झाल्यावर बरेच दिवस भेट नव्हती. मग एकदा बेल्ह्याच्या बाजारातून परत येताना मी वाकडी वाट करून त्यांच्या रानाकडे गेलो. डोक्याला टॉवेल, हातात फावडं, चारीच्या कडेला डॉ. डुंबरे उभे होते. पाणी आलं होतं, पण शेपटाला येतं तेवढंच.

"किती पोचतंय सर?" मी विचारलं.

सरांनी पाण्याकडे बघितलं. "आसंल की तिसरा हिस्सा," म्हणाले. "कवा कमी, कवा जास्त."

त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं असावं, कारण ते उगाचच फावड्यानं माती ओढायला लागले. मग मान वर न करता म्हणाले, "वाव्हळ कायम झाली का रं?"

"झाल्या की. मागच्या वर्षीच."

"तिचं उत्तर बरोबर व्हतं त्या वक्ताला. प्रॅक्टिकलचं म्हणतोय मी. आन् पुन्यालाबी ती बोलली न्हाई, तेबी ध्येनात हाय माझ्या. अर्धा मार्क द्यायला पायजे व्हता. दिला म्हनून सांग तिला."

मी निरोप पोचवला. मॅडम वर्गावर निघाल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. त्यांचे डोळे भरून आले. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि ते न उचललेले पेढे त्यांच्या मनात तसेच पडून होते, हे मला त्या दिवशी कळलं. मग पदरानं डोळे पुसून त्यांनी मान ताठ केली. "मार्क नको आता मला," म्हणाल्या. "त्यांना सांगा, एकदा स्वतःच्या तोंडानं शून्य टिंब पाच म्हणा. मग फिटलं."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी पुन्हा गेलो. सर बांधावर होते. मी मॅडमचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. ते ऐकून त्यांनी फावडं मातीत रोवलं आणि दोन्ही हात त्याच्यावर ठेवून उभे राहिले. ओठ हलले. 'शू'पर्यंत आले असतील, त्याच्या पुढं गेले नाहीत. चारीतलं पाणी सरीत शिरत होतं, त्याच्याकडे ते बघत राहिले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"पाच छेद दहा म्हनलं तर चालंल का?" त्यांनी विचारलं. "तिलाच इचार. टिंब सोडून काय बी म्हनायला सांग म्हनावं, म्हनतो."

विचारतो म्हणालो आणि गाडीकडे वळलो. पण एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. मी काहीतरी चुकीचं सांगेन अशी त्यांना धास्ती वाटली असावी. किक मारून मागं बघितलं तर सर चिखलात गुडघाभर उतरले होते आणि मला दिसावं म्हणून हात उंच करून, बोटानं हवेत एक लांबलचक आडवी रेघ पुन्हा पुन्हा ओढत होते, वर पाच, खाली दहा.